छोट्या लाईनची कॅसेट

फोन आला तेव्हा केवळराम गुरुजी समीक्षा गजभियेच्या ऑफिसात बसून सकाळचाच पेपर तिसऱ्यांदा वाचत होते.

ऑफिस म्हणजे गोंदियाच्या बाजारातल्या एका कापड दुकानावरच्या दोन खोल्या. समीक्षाने अकरा वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधले आणि मग स्वतःची पाटी लावली. तपास ती करायची, अहवाल गुरुजी लिहायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर अक्षर वाया जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. तपासातलं आपल्याला फारसं कळत नाही, हे ते स्वतःच सांगत.

"गजेंद्र रहांगडाले," फोन ठेवत गुरुजी म्हणाले. "माझा जुना विद्यार्थी. दिवाळीच्या सुट्टीत सगळं कुटुंब वनराणी पार्कला गेलंय. तिथे त्याच्या वडिलांची कॅसेट चोरीला गेली."

"कॅसेट?"

"टेपरेकॉर्डरची. तेव्हापासून म्हातारा जेवायला तयार नाही. कॅसेट मिळाल्याशिवाय तिथून हलणार नाही म्हणतो. पोलिसांना बोलवायचं नाव काढू देत नाही."

समीक्षाने गाडीची किल्ली उचलली. "चला. कॅसेट चोरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

गोरेगाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापायला आलं होतं, काही बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या होत्या. गुरुजी खिडकीबाहेर बघत बोलत राहिले.

"श्यामलाल छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेजवर, ड्रायव्हर होता. गोंदिया ते बालाघाट. माझी पहिली नेमणूक बिरसोल्याकडच्या शाळेत. सहा वर्षं रोज त्याच्याच गाडीने गेलो. सकाळी मला उशीर झाला की तो इंजिनातून वाकून बघायचा. माझी काळी छत्री पुलावर दिसली की थांबायचा. आता कोण कोणासाठी गाडी थांबवतो?"

"आणि कॅसेटमध्ये काय आहे?"

"त्याची बायको, रुक्माबाई. श्यामलालच्या शेवटच्या फेरीला ती इंजिनामागच्या डब्यात टेपरेकॉर्डर घेऊन बसली होती. स्टेशन आलं की नाव सांगायची, खिडकीतून काय दिसतं ते सांगायची. त्यानंतर लाईन मोठी झाली, ब्रॉडगेज. रुक्माबाई आठ वर्षांपूर्वी गेल्या. श्यामलाल दर वर्षी त्या फेरीच्या तारखेला ती कॅसेट लावतो."

"तारीख कोणती?"

गुरुजींनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली. "आजची."

कोहमाऱ्याच्या चौकातून गाडी हायवेला लागली. देवरीच्या दिशेने थोडं गेल्यावर साल-सागाच्या झाडांवर आकाशपाळण्याचा वरचा अर्धा भाग दिसू लागला.

वनराणी पार्कात सुट्टीची गर्दी होती. डाव्या हाताला पाण्याचा विभाग: घसरगुंड्या, लाटांचा तलाव आणि एकच आरडाओरडा. उजवीकडे झाडांत राहायच्या कॉटेज. मधून एक खेळण्यातली गाडी फिरत होती आणि तिच्यासाठी एक लहानसं स्टेशन बांधलेलं होतं. जुना सिग्नलचा हात, लाकडी बाक, कंदील. गुरुजींची पावलं तिथे आपोआप मंदावली.

पाण्याच्या फाटकाशी एक कुटुंब काहीतरी खाऊन परत आत शिरत होतं. फाटकावरची मुलगी त्यांच्या मनगटावर कागदी पट्टी बांधत होती.

"आमच्या हाताला आहे की एक," त्यातली बाई तक्रार करत होती. "ही निळी."

"निळी सकाळच्या तिकिटाची, ताई. बाहेर जाऊन परत आलं की वर नारिंगी बांधतो. आत किती माणसं आहेत ते मोजावं लागते."

समीक्षा क्षणभर थांबून पाहत राहिली. गुरुजींना वाटलं, तिलाही पाण्यात उतरावंसं वाटत असावं.

श्यामलाल आपल्या कॉटेजच्या पायरीवर बसले होते. अठ्ठ्याहत्तरचं वय, पण पाठ ताठ. दोन्ही कानांत नवी कोरी यंत्रं होती. पायरीवर झाकलेलं ताट तसंच पडलं होतं.

"गुरुजी, तुम्ही कायले त्रास घेतला?" ते उठू लागले.

"बसा हो," गुरुजी त्यांच्या शेजारी टेकले. "ह्या समीक्षाताई. हरवलेल्या वस्तू शोधतात."

श्यामलालनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, एक सांगून ठेवतो. चोर नाही भेटला तरी चालते. मले कॅसेट पाहिजे."

समीक्षा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "शेवटची कधी पाहिली, काका?"

"अकरा वाजता. डबीतून काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, परत ठेवली. मग त्या स्टेशनावर जाऊन बसलो, सावलीत. इथला पार्कवाला भैयाजी होता बोलायला. सवा वाजता गोळी घ्याले आलो तं डबी उघडी, कॅसेट नाही."

"दाराला कुलूप?"

"रेल्वेच्या क्वार्टरात कधी लावलं नाही. इथंही नाही लावलं."

"संध्याकाळी ऐकणार होता?"

"सहा वाजता. भैयाजी म्हणे, आपल्या गाडीतल्या भोंग्यावर लावू, सगळे गाडीत बसा. पोरं, नातवंडं. एक बाजू पाऊण तास चालते, तेवढ्यात त्याच्या गाडीचे पाच-सहा फेरे होतात. मग खटका वाजते आणि बंद." ते थांबले. "घरी मी मशीनवर हात ठेवून ऐकतो. कान गेले ना. हातानं तेवढं समजते."

"आता तर कानात यंत्रं आहेत."

"लेकीनं, रेणूनं आणली पुण्यावरून, काल रात्री. सकाळी घातली. नळ गळून राहिला तेही ऐकू येते बाप्पा."

आत टेबलावर जुना टेपरेकॉर्डर होता. शेजारी प्लॅस्टिकची डबी, उघडी. समीक्षाने ती उचलून खिडकीजवळ नेली. आतल्या कागदावर निळ्या शाईने, ठळक वळणाने गावांची नावं लिहिलेली: गोंदिया, बिरसोला, खारा, हट्टा रोड, बालाघाट. खाली तारीख. कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि छापलेला आकडा, ६०.

"रुक्माबाईंचं अक्षर," गुरुजी म्हणाले. "चौथी शिकलेली बाई. पण अक्षर बघा."

समीक्षाने कागद डबीत परत नीट सरकवला. "गुरुजी, तुम्ही चोर असता तर डबी इथे ठेवली असती?"

"घाईत असतो तर ठेवली असती."

"घाईतला माणूस डबीसकट उचलतो. खिशात टाकतो आणि चालू लागतो. इथे कोणीतरी थांबून डबी उघडली, कॅसेट काढली आणि डबी जागेवर ठेवली." ती बाहेर पडली. "आधी भैयाजी."

भैयाजी बिसेन पार्कचा मॅनेजर. पन्नाशीचा, गोल, बोलायला एक पाऊल पुढे.

"मॅडम, सच बोलू तर ती कॅसेट मला पाहिजेच होती. तीन साल से मागून राहिलो. हे स्टेशन मी हौसेने बनवलं, सिग्नल भंगारातून आणला. छोट्या लाईनचा आवाज असता तर लोकांनी ऐकला असता. काका देत नव्हते. काल पहिल्यांदा हो म्हणाले, एकदाच लावायला. आता मी कशाला चोरू? सहा वाजता मला ती मिळणारच होती."

"अकरा ते सव्वा तुम्ही त्यांच्यासोबतच?"

"मधे पंधरा मिनिट ऑफिसात गेलो. साडेबाराला."

"कॉटेजकडे कोणी जाताना दिसलं?"

"दिवसभर लोक जात-येत असतात मॅडम. ओल्या कपड्यांतले, टॉवेल गुंडाळलेले. कोणाचा चेहरा बघणार?"

गजेंद्र कॉटेजमागच्या झाडाखाली सिगारेट लपवत उभा होता. गुरुजींना पाहून त्याने ती चटकन पायाखाली घातली. पंचेचाळिशीचा माणूस, पण सातवीतल्या मुलासारखा ओशाळला.

"गुरुजी, रेणू समजते मीच फेकली."

"का?" समीक्षाने विचारलं.

"सकाळी नाश्त्याला माझ्या तोंडून निघून गेलं. बाबा, हे डबडं फेका आता, सगळं फोनमध्ये टाकून देतो. गंमत म्हणून बोललो. पण बाबा काही बोलले नाहीत आणि रेणू चिडली."

"तुम्ही कुठे होता?"

"पाण्यातच. दहाला आत गेलो, भाच्यांसोबत घसरगुंडीवर. दीडला बाबांचा फोन आला तेव्हा निघालो." त्याने हात पुढे केला. मनगटावर ओली निळी पट्टी चिकटली होती. "आणि फेकायचंच असतं तर मशीन फेकली असती, मॅडम. कॅसेट काढून मशीन कोण ठेवते?"

"त्यावेळी तुमची पत्नी कुठे होती?"

"प्रेमिला? लाटांच्या तलावाच्या काठावर. पोरांचे टॉवेल सांभाळत. ती पाण्यात जात नाही फारशी."

"तुम्हाला सारखी दिसत होती?"

गजेंद्र जरा गोंधळला. "इतक्या गर्दीत? पण दीडला तिथेच होती. तिला घेऊनच बाहेर आलो."

रेणू आकाशपाळण्याच्या रांगेपासून दूर, एका बाकावर बसली होती. डोळे लाल होते. पुण्यात वीस वर्षं काढून बोलणं बदललं होतं.

"मी मुलांच्या मागे नव्हते, मला पाण्याची ॲलर्जी आहे. पाळण्यात एकदा बसले, मग इथे वाचत बसले. साक्षीदार कोणी नाही. लिहून घ्या."

"तुम्ही कॅसेट शेवटची कधी ऐकली?"

"आई गेली त्या वर्षी. नंतर ह्या तारखेला मला कधी यायलाच जमलं नाही." तिने ओठ आवळले. "म्हणून तर ह्या वेळी सुट्टी काढली. बाबांना ऐकू येत नाही हे मला फोनवर कळायचं. म्हटलं, यंत्रं घेऊन जाऊ, निदान आईचा आवाज तरी त्यांना नीट ऐकू येईल. सकाळी मी तसं म्हटलंसुद्धा, सगळ्यांसमोर. आणि आज नेमकी कॅसेटच नाही."

"कॅसेटमधलं तुम्हाला काय आठवतं?"

रेणू पहिल्यांदा हसली. "खारा. आई खाऱ्याचं नाव घ्यायला लागली की कॅसेट संपायची. 'खा' ह्या बाजूला आणि 'रा' त्या बाजूला. आम्ही लहान नव्हतो तरी दर वेळी हसायचो. अर्ध्या तासाने उठून कॅसेट उलटायचं काम माझं असायचं."

गुरुजींना ते ऐकून बिरसोल्याचा फलाट आठवला, आणि हातात गरम भजी घेऊन इंजिनाकडे धावणारा पोर्टर. समीक्षाला मात्र काही वेगळंच आठवत असावं.

प्रेमिला दुसऱ्या कॉटेजच्या ओट्यावर मुलांचे कपडे पिळून वाळत घालत होती. चाळिशीची, सावळी, शांत. गुरुजींना पाहून तिने पदर सारखा केला.

"मामाजी जेवले का, गुरुजी?" सासऱ्यांबद्दल तिने पहिलं हेच विचारलं.

"नाही अजून."

"तुम्ही म्हटलं तं जेवतील. माझं नाही ऐकत आज."

समीक्षा ओट्याच्या कडेला टेकली. "किती वर्षं झाली लग्नाला?"

"एकवीस. एकोणीस वर्षांची आली मी ह्या घरात, देवरीकडून. आमचं बोलणं छत्तीसगडी. आमच्या सासू, आत्याबाई, म्हणत, माझ्यासारखं बोल, मग तुले गाव समजंल." ती जराशी हसली. "बोलायचं त्यांच्याकडूनच शिकली. शेजारच्या बाया फोनवर फसत. सासू की सून, ओळखू येत नसे."

"सकाळी कुठे होतात?"

"दहा वाजल्यापासून पाण्याच्या तिथंच होती. कुठं गेली नाही."

"मधे कॉटेजवर वगैरे?"

"नाही ना." तिने शेवटचा टॉवेल झटकला. बांगड्या वाजल्या. हिरव्या बांगड्यांच्या वर दोन कागदी पट्ट्या होत्या, एक निळी, एक नारिंगी. हिरव्यावर नारिंगी छान दिसते, असं गुरुजींना उगाच वाटून गेलं. पदराच्या टोकाला सेफ्टी पिनने एक छोटी किल्ली अडकवलेली होती, तिला प्लॅस्टिकचा बिल्ला, ८८.

"सापडंल का ते?" तिने विचारलं.

"बहुतेक," समीक्षा म्हणाली. "तुमचे मामाजी म्हणतात चोर नको, कॅसेट पाहिजे."

प्रेमिलाचे हात दोरीवर तसेच थांबले. "असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

परत येताना समीक्षा पाण्याच्या फाटकाशी गेली, मुलीशी दोन मिनिटं बोलली, मग गजेंद्रकडे जाऊन त्याच्या लॉकरची किल्ली मागितली. तिच्यावर आकडा होता १२.

"सगळ्यांचं सामान ह्याच लॉकरमध्ये?"

"हो. एकच घेतला होता."

गुरुजी तिच्यामागे चालत होते. "समीक्षा, मला वाटतं भैयाजीच. पंधरा मिनिटं ऑफिसात गेला म्हणतो. आणि हौस वाईट असते."

"हौशी माणसाने रुक्माबाईंच्या हातचा कागद सोडला असता, गुरुजी? त्याच्या स्टेशनात काचेत लावायला त्याहून चांगलं काय होतं?" तिचा चेहरा मात्र प्रश्न सुटल्यासारखा दिसत नव्हता. थकलेला दिसत होता. "विम्याच्या कामात एक बरं असायचं. चोर पकडला की मन हलकं व्हायचं."

ती श्यामलालकडे गेली. "काका, मला कळलंय. तुम्हाला एकट्यालाच सांगू?"

श्यामलालनी मान हलवली. "घरातले सगळे एकमेकाकडे चोरासारखं पाहून राहिले. सगळ्यांसमोर सांग. पण हळू सांग."

साडेपाचला सगळे त्या छोट्या स्टेशनाच्या फलाटावर जमले. रेणूची मुलं भैयाजीने आइस्क्रीमच्या दुकानाकडे धाडली होती. ऊन तिरपं होऊन रुळांवर पडलं होतं. श्यामलाल बाकावर मधोमध, एका बाजूला रेणू, दुसऱ्या बाजूला गजेंद्र. प्रेमिला खांबाशी उभी होती.

समीक्षा उभ्यानेच बोलू लागली, आवाज न चढवता.

"सुरुवात डबीपासून. चोराने डबी ठेवली. भैयाजींना संग्रहासाठी कॅसेट हवी असती तर त्यांनी अक्षराचा कागद आधी उचलला असता. शिवाय कॅसेट त्यांना मिळणारच होती. रेणूताईंना आईची आठवण हवी असती तर त्यांनीही डबी ठेवली नसती. गजेंद्रभाऊ म्हणतात ते खरं, त्यांना जुनाट वस्तूचा राग असता तर त्यांनी मशीन फेकली असती. म्हणजे चोराला कॅसेट जवळ बाळगायची नव्हती, विकायची नव्हती. ती आज संध्याकाळी वाजू नये, एवढंच हवं होतं."

"का?" रेणूने विचारलं.

"तुम्ही मला सांगितलंत, अर्ध्या तासाने कॅसेट उलटायची. डबीवरही साठ मिनिटं छापलंय, एका बाजूला तीस. पण काका म्हणाले, एक बाजू पाऊण तास चालते. पाऊण तास चालते ती नव्वद मिनिटांची कॅसेट. तेव्हा ह्या डबीत आज सकाळी जी कॅसेट होती, ती डबीची नव्हती."

गजेंद्रने वडिलांकडे पाहिलं. श्यामलाल रुळांकडे बघत होते.

"मूळ कॅसेट कधीतरी गेली. तिच्या जागी दुसरी आली, आणि तिच्यातही बाईचा आवाज आहे, स्टेशनांची नावं आहेत. काका ती हात ठेवून ऐकत. कान गेलेले, त्यामुळे चालून गेलं. पण काल रात्री रेणूताईंनी यंत्रं आणली. सकाळी त्या म्हणाल्या, आता आईचा आवाज नीट ऐका. त्या स्वतःही ऐकणार होत्या, आठ वर्षांनी. कोणाला तरी वाटलं, आज कळणार."

समीक्षाने खांबाकडे पाहिलं.

"ह्या घरात रुक्माबाईंसारखं बोलता येणारी एकच व्यक्ती आहे. शेजारच्या बायका फोनवर फसत. ती म्हणाली, दहापासून पाण्याच्या विभागातून बाहेर गेली नाही. पण बाहेर जाऊन परत आलेल्याच्याच हातावर नारिंगी पट्टी बांधतात. गजेंद्रभाऊ दीडला बाहेर आले ते परत गेले नाहीत, त्यांच्या हाताला निळीच आहे. तिच्या हाताला दोन आहेत, आणि दीडनंतर ती परत आत गेलेली नाही, असं फाटकावरची मुलगी सांगते. आणि कुटुंबाचा लॉकर बारा नंबरचा असताना तिच्या पदराला अठ्ठ्याऐंशीची किल्ली आहे."

प्रेमिलाने किल्ली काढायचा प्रयत्न केला, पण पिन उघडेना. शेवटी रेणू उठली आणि तिने पिन उघडून दिली.

"फेकता आली असती," समीक्षा म्हणाली. "इथे मागे जंगल आहे. तिने फेकली नाही. आणि डबी ठेवली, कारण डबी सासूबाईंची होती. कॅसेट तिची स्वतःची होती."

"आत्याबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी मामाजींचं डोळ्याचं ऑपरेशन होतं," प्रेमिला बोलू लागली. "ते दवाखान्यात होते. मी घर झाडत होती. म्हटलं, आत्याबाईचा आवाज ऐकू. लावली, आणि मशीननं आतली टेप ओढून घेतली. चाकात गुंतली. काढाले गेली तं तुटली, चार जागी. मी चिकटपट्टीनं जोडून पाहिली, नाही जुळली." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पंधरा दिवसांनी हीच तारीख होती. ते मागणार होते. मले सगळी पाठ होती. बाजारात नव्वदचीच कॅसेट भेटली. बालाघाटच्या गाडीत बसली, मशीन घेऊन. पहिल्या खेपेला रडू आलं, दुसऱ्या खेपेला बाजूच्या बाईनं बोलणं केलं. तिसऱ्या खेपेला जमलं. लोक पाहत होते, पागल समजत होते."

"मला का नाही सांगितलं?" गजेंद्रने विचारलं.

"तुम्ही म्हटले असते, जाऊ दे, जुनीच होती."

गजेंद्रने मान खाली घातली. रेणूचा चेहरा मात्र कठीण झाला होता. "सहा-सात वर्षं? वहिनी, बाबा इतकी वर्षं आई समजून..."

"नाही," श्यामलाल म्हणाले.

ते इतकं साधं म्हणाले की समीक्षासुद्धा वळली.

"मी ड्रायव्हर आहे, रेणू. तीस वर्षं त्या लाईनवर गाडी हाकली. छोट्या लाईनचे रूळ आखूड. सांधा लवकर लवकर येते, चाक सारखं ठोकते. मोठ्या लाईनचे रूळ जोडून टाकले आहेत, तिथं चाक ठोकतच नाही." त्यांनी तळहात बाकाच्या लाकडावर ठेवला. "कानानं नव्हतं ऐकू येत. हाताले येत होतं. पहिल्याच वर्षी मशीनवर हात ठेवला आणि समजलं. हे माझी गाडी नाही. गाडी माझी नाही, म्हणजे बोलणारीही रुक्मा नाही."

प्रेमिला खांबाला धरून खाली बसली.

"तुम्हाला माहीत होतं?" समीक्षाने विचारलं.

"माहीत होतं. त्या रात्री लय राग आला. वाटलं, सकाळी विचारतो. मग विचार करत पडून राहिलो. हे पोरगी मशीन घेऊन मोठ्या गाडीत बसली असंल, एकटी. माझ्यासाठी. एकेक नाव म्हणत गेली असंल." त्यांनी चष्मा काढला. "रुक्मा तं गेली होती. हे जिवंत होती, घरात भाकरी टाकून राहिली होती. दुसऱ्या वर्षी तेच तारीख आली आणि मी तेच कॅसेट मागितली."

"मग आज जेवला का नाही, बाबा?" रेणू रडत होती.

"आज पहिल्यांदा कानानं ऐकणार होतो. हिचा आवाज. आणि कॅसेटच गेली."

गुरुजींनी मान वळवून सिग्नलच्या मोडक्या हाताकडे पाहिलं. त्यांना आज अहवालात काय लिहायचं हे कळेना.

भैयाजी किल्ली घेऊन कधी गेला आणि लॉकरमधून कॅसेट घेऊन आला, कोणाच्या लक्षात आलं नाही. ती त्याने श्यामलालच्या हातात दिली. श्यामलालनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि कुर्त्याच्या खिशात टाकली.

"काका, भोंग्यावर लावायची ना?" भैयाजीने विचारलं. "सहा वाजले."

"नको."

लहानशी गाडी फलाटाला लागली. मुलं आइस्क्रीम खात धावत आली आणि मागच्या डब्यात चढली. श्यामलाल उठले, हळूहळू इंजिनामागच्या डब्यात जाऊन बसले आणि शेजारची जागा हाताने पुसली.

"प्रेमिला, ये इकडं."

ती आली. तिने डोळे पुसले, भैयाजीने पुढे केलेला माईक हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि सवयीने आवाज जरा जड, जरा म्हातारा केला.

"गोंदिया..."

"तसं नाही," श्यामलाल म्हणाले. "तुह्या आवाजात म्हण."

ती थांबली. मग घसा साफ करून, देवरीकडच्या त्या जुन्या हेलात, तिने पहिलं नाव घेतलं. गाडी सुटली.